नुसता ठेवलेला हात

शालू, तू गेलीस त्याला अजून महिनाही झाला नाही, आणि मी तुझ्याशी भांडतेच आहे. बाकीचे तुझ्या आठवणीने रडतात. रडते मीही, पण मध्येच तुला एखादं वाक्य सुनावते आणि मग थांबते, कारण पलीकडून उलट उत्तर येत नाही. फिजिओथेरपीच्या कॉलेजात पहिल्या वर्षी आपण एका बाकावर बसलो, तेव्हापासून माझं प्रत्येक वाक्य तू अर्ध्यात तोडत आलीस. आता मला माझी वाक्यं स्वतःच पुरी करावी लागतात आणि ती मलाच लांबलचक वाटतात.

आपलं शेवटचं भांडण अर्धवट राहिलं. ते संपवल्याशिवाय मला पुढचं काम सुचेना, आणि काम तर थांबायला तयार नव्हतं. आपल्या अभ्यासाचा अहवाल याच आठवड्यात पाठवायचा होता. त्यात तुझ्याबद्दल एक वाक्य लिहायचं की नाही, एवढंच ठरवायचं होतं. लिहिलं तर तुझ्या नावाला बट्टा, नाही लिहिलं तर अहवाल खोटा. त्यासाठी माझी झोप उडाली होती, आणि तू फोटोत हसत बसलीस. फोटोही तुझ्या नवऱ्याने, राजूभाऊंनी, नेमका तोच निवडला, ज्यात तू माझी टर उडवून नुकतीच कॅमेऱ्याकडे वळली होतीस.

कारंज्याला हायवेला लागून, टायरच्या दुकानावरची ती खोली आपण भाड्याने घेतली तेव्हा सगळ्यांनी वेड्यात काढलं होतं. वर्ध्याला दवाखाना टाकायचा सोडून रोज आर्वीवरून एवढं लांब कोण जातं? तू म्हणालीस, कंबरा तिकडं मोडतात, मंग आपण इकडं बसून काय करू? पाटीवर 'मॅन्युअल ऑस्टिओपॅथी' लिहिताना पेंटरने दोनदा अक्षरं पुसली. आणि पहिला माणूस आत आला तो ट्रकवाला. दारातूनच त्याने विचारलं, "इथं हाडं बसवता काय?"

"नाई भाऊ," तू म्हणालीस, "हाडं तुमची जागेवरच हायेत. त्याईच्या आजूबाजूचं जे आखडलं, ते आमी मोकळं करतो. ना गोळी, ना मशीन. दोन हात."

नागपूरला शनिवार-रविवारचे वर्ग करून आपण दोघी जे शिकलो होतो, ते तू एका दमात त्याला सांगून टाकलंस. मला तेच सांगायला पाऊण तास लागला असता, आणि तोवर तो खाली उतरून ट्रक घेऊन गेला असता. श्वास घेताना बरगड्या कुठे अडतात, माकडहाडाच्या वरचा भाग कोणत्या बाजूला आखडला आहे, हे तुझ्या बोटांना आधी कळायचं आणि मग तुला. मी मागून पुस्तक काढून ते बरोबर होतं का ते बघायची. तू मला मास्तरीण म्हणायचीस, ते त्यावरूनच.

एक गोष्ट मात्र मला सर्वांसमोर सांगायची आहे, कारण पुढचं ऐकून लोकांचा गैरसमज होईल. तू नियम न पाळणारी नव्हतीस. तो दुसरा ट्रकवाला आठवतो? मान कडकड मोडून द्या, पुढं अमरावती गाठायची हाय, म्हणत टेबलावर आडवा पडलेला. तू त्याला तुझा हात दाबायला सांगितलंस, त्याच्या डाव्या मुठीत जोरच नव्हता, म्हणजे मानेतली नस दबली असणार. तू मानेला बोटही लावलं नाहीस. तो चिडला, शिव्या देत जिना उतरला, आणि तू त्याच्या मागे खाली जाऊन, त्याच्या क्लीनरला समोर घेऊन सांगितलंस, आज गाडी चालवायची नाई, याले नागपूरले दवाखान्यात न्या. त्याने ऐकलं की नाही ते आपल्याला कधीच कळलं नाही. त्या दिवशी तू जेवली नाहीस. कुठे हात लावायचा नाही, हे तुझ्याकडूनच मी शिकले. म्हणून तर मला पुढचं इतकं लागलं.

आपल्याला टोचत होतं ते वेगळंच. वर्ध्यातले एक डॉक्टर एका लग्नात सगळ्यांसमोर हसत म्हणाले होते, तुम्ही हात फिरवता आणि लोकांना बरं वाटतं, याला पुरावा काय? तू हातातलं ताट तसंच ठेवून निघालीस. घरी येताना तू स्कुटीवर त्यांना शिव्या घालत होतीस, आणि मला मात्र त्या डॉक्टरांचं म्हणणं पटलं होतं. पुरावा हवाच. आपण सरांकडे गेलो. नागपूरचे निवृत्त प्राध्यापक, आपले गाईड. कापूस वेचणाऱ्या बायांच्या कंबरदुखीवर अभ्यास करायचा ठरलं.

रचना साधी होती. बाई आली की बंद पाकीट उघडायचं. पाकिटात 'उपचार' निघाला तर तू नेहमीसारखं सगळं करायचं. 'स्थिर हात' निघाला तर त्याच टेबलावर, त्याच जागी, तेवढाच वेळ नुसता हात ठेवायचा. दाबायचं नाही, हलवायचं नाही, श्वासाबरोबर काही सोडवायचं नाही. अभ्यास संपला की त्या बायांनाही खरे उपचार द्यायचे. पाकीट उघडणार तू, हात ठेवणार तू. मी बाहेरच्या खोलीत मोजमाप घेणार. कोणत्या बाईला काय मिळालं हे मला कळता कामा नये, म्हणजे माझा टेप पक्षपात करणार नाही.

पहिल्या दिवशीच तू मला अडवलंस. "नुसता ठेवलेला हात म्हणजे काईच नाई, असं कोणं सांगतलं तुले?"

"तेच तर मोजायचं आहे," मी म्हणाले.

"मंग तं ठीक हाय," तू म्हणालीस, पण तुझं तोंड ठीक नव्हतं.

बायांना समजावून सांगण्याचं काम तू घेतलंस, ते बरं झालं. अंगणवाडीच्या ओट्यावर त्या बसल्या होत्या, शेतातून थेट आलेल्या, पदराला कापसाचे पुंजके चिकटलेले. तू म्हणालीस, "हे पाहा बायांनो, चिठ्ठी निघते तसं हाय. कोणाची कंबर आता मोकळी करू, कोणावर आता नुसता हात ठेवू अन् तिची मंग करू. कोणाले काय भेटलं ते आमी सांगणार नाई. ज्याईले नसन पटत त्याईनं खुशाल घरी जा, आमचा राग नाई."

एक बाई मागून म्हणाली, "सगळ्याईची एकाच वेळी काऊन नाई करत वं बाई?"

तू माझ्याकडे पाहिलंस. मी उठून शुद्ध पुस्तकी मराठीत तुलनेचं महत्त्व सांगितलं. कुणाला काही कळलं नाही, पण मी चष्मा लावला होता म्हणून सगळ्यांनी मान डोलावली. परत येताना तू आर्वीला चहासाठी गाडी थांबवलीस आणि म्हणालीस, "तिनं बरोबरच इचारलं." मी म्हणाले, हो, पण माझं उत्तरही बरोबरच होतं. आपण चहा गार होईपर्यंत त्यावर वाद घातला. असे वाद मला आवडायचे. ते वाद तुझ्यासोबत गेले, आणि मला अजून कुणी तेवढ्या तोडीचं भेटलेलं नाही. भेटावं असंही वाटत नाही.

काम चांगलं चाललं होतं. विमलबाई बाहेर आली त्या दिवसापर्यंत.

बाहेरच्या खोलीत मी प्रत्येकीला आधीच बजावायची: आत काय झालं ते मला सांगायचं नाही. त्यावर बायका हसायच्या. मी कानावर हात ठेवून दाखवायची, म्हणजे त्यांना पटायचं. विमलबाई हसली नाही. तिला वाकायला सांगितलं तर तिची बोटं जवळजवळ फरशीला टेकली. पहिल्या खेपेला ती गुडघ्याखाली जात नव्हती. ती तशीच वाकलेली राहून, खाली बघत, आनंदाने बोलत सुटली.

"पाह्य बाई, पाह्य. पयले शालूबाई नुसता हात ठेवे. मागच्या खेपेले म्या म्हटलं, बाई, मले खाली बसलं का उठता येत नाई, लोकाईच्या धुऱ्याबांधावर हात टेकून उठतो मी. तं तिच्या डोळ्याले पाणी आलं. मंग तिनं चांगलं मोकळं करून देल्लं. तुमाले सांगू नको म्हणे."

माझ्या हातात टेप तसाच राहिला. ऐकलेलं परत न ऐकलेलं करता येत नाही. मी आकडा लिहिला, तिला पाणी दिलं, जिन्यापर्यंत सोडलं. खाली शेजारच्या ढाब्यावर फोडणी पडली होती, खिडकीतून लसणाचा वास येत होता, आणि मला तो वास आजही नकोसा होतो.

आत आले तेव्हा तू चादर बदलत होतीस.

"विमलबाईवर काय केलंस?"

"तुले कोणं सांगतलं?"

"म्हणजे केलंस."

तू चादरीचं टोक सोडलं नाहीस. "हाव. केलं."

मला वाटलं होतं तू नाही म्हणशील. मी भांडणाची तयारी त्या हिशेबाने केली होती. तू हो म्हणालीस आणि माझी सगळी वाक्यं वाया गेली. मी विचारलं, आणखी कुणावर? तू म्हणालीस, ते इचारू नको. मी म्हणाले, विचारणारच, सगळा अभ्यास त्यावर उभा आहे. तू म्हणालीस, "मॅडम, तुमी मोजा. मोजणं तुमचं काम हाय."

तू मला मॅडम म्हणालीस की पुढे बरं होत नसे. माझाही आवाज चढला. हायवेवरून ट्रक जात होते म्हणून खाली ऐकू गेलं नसेल. मी म्हणाले, तू एका विमलबाईसाठी पुढच्या सगळ्या विमलबायांवर पाणी सोडलंस. उद्या हा अभ्यास खरा निघाला असता तर सरकारी दवाखान्यात हे काम पोचलं असतं. तुला एक बाई दिसते, तिच्या मागची रांग दिसत नाही.

तेव्हा तू जे बोललीस ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. इथे लिहिते, कारण ते तुझ्याच बाजूचं आहे आणि ते माझ्यापाशी पडून राहणं बरोबर नाही.

"तू कधी बसली का वं तशी? मी तिच्या कंबरेवर हात ठेवून बसतो. मले बोटाखाली कळते, इथं अडकलं. मले ते सोडवता येते. अन् ते न सोडवता, घड्याळाकडं पाहत, मी नुसती बसून राह्यतो. ती उठून मले म्हणते, बाई, देव तुमचं भलं करो. तू बाहेर बसून फुटपट्टी लावतं. आत मी बसतो."

मी गप्प बसले नाही. गप्प बसायला हवं होतं असंही मला वाटत नाही. मी म्हणाले, मग पहिल्याच दिवशी सांगायचं होतं, मला जमणार नाही म्हणून. मी दुसरं कुणी शोधलं असतं. तू हो म्हणून आत शिरलीस. तू हेल्मेट उचललंस. जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी राहून, माझ्याकडे पाठ करून म्हणालीस, "सांगतो तुले. कोण कोण ते सगळं सांगतो. पण आज नाई."

त्यानंतर तुला डेंग्यूचा ताप आला.

दवाखान्यात मी आले तेव्हा तुझे ओठ सुकले होते आणि रक्तातल्या पेशी रोज खाली उतरत होत्या. तू मला विचारलंस, कारंज्याच्या खोलीत पांढऱ्या भिंतीला ओल आली होती ती पुसली का? मी सांगितलं, पुसली. तू विचारलंस, बाया येऊन राह्यल्या का? मी सांगितलं, येतात, तुझी विचारपूस करतात. आपण दोघी त्या एकाच गोष्टीच्या कडेकडेने बोलत राहिलो. तुझ्या हाताला सलाईन होतं, म्हणून मी तुझ्या पायावर हात ठेवला. तू डोळे मिटलेस आणि म्हणालीस, हाव, तिथंच राहू दे. माझ्या मनात त्या क्षणीही तो प्रश्न होता, कोण कोण? हे मी तुझ्यापासून लपवून काय करू. तो प्रश्न होता आणि तू जगावीस एवढंच मागणंही होतं, दोन्ही एकाच वेळी. मला वाटलं बरी होशील, मग विचारीन. बरी झालीस की आधी कडकडून भांडीन, मग विचारीन. तू ती संधीच ठेवली नाहीस.

सरांनी पाकिटांचे गट उघडले तेव्हा तुझं पुण्यानुमोदन, विहारातला मरणानंतरचा विधी, होऊन गेलं होतं. त्यांचा फोन आला. "नंदा, दोन्ही गटांत जवळपास सारखाच फरक पडला आहे. म्हणजे नुसता ठेवलेला हातही गुण देतो. शालिनीचं हेच म्हणणं होतं ना? बघ, ती बरोबर होती. आपण तिच्या नावाने छापू."

शालू, त्या क्षणी मला काय वाटलं असेल? तुझं म्हणणं, ज्याला मी पहिल्या दिवशी 'तेच तर मोजायचं आहे' म्हणाले होते, ते आता पुराव्यासकट कागदावर आलं होतं. तुझ्या नावाने छापलं जाणार होतं. त्या लग्नातल्या डॉक्टरांच्या टेबलावर जाऊन पडणार होतं. फक्त ते खरं नव्हतं. कारण 'स्थिर हात' गटातल्या बायांवर हात स्थिर राहिलाच नव्हता. निदान एकीवर तरी नाही, आणि आणखी कितीजणींवर, ते तू सोबत घेऊन गेलीस. तुझं म्हणणं खरं असेलही. ठेवलेल्या हातात खरोखर गुण असेलही. पण ते आता या अभ्यासातून कधीच कळणार नाही, आणि ते कळू न देणारी तूच. याचा मला जो राग आला, तो मी कुणापाशी बोलू?

मी सरांना सगळं सांगितलं. त्यांनी सगळं पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाले, हे अजून कुणाला माहीत आहे? मी म्हणाले, विमलबाईला. ते म्हणाले, "एका रुग्णाचं बोलणं. समज-गैरसमज असू शकतो. नंदा, गेलेल्या माणसाला आपण कशाला साक्षीला उभं करायचं?" सर वाईट माणूस नाहीत. तुझ्यावर त्यांचा जीव होता, म्हणूनच ते असं म्हणाले. आणि खरं सांगू, मी त्यांना लगेच 'नाही' असं म्हटलं नाही. विचार करते म्हणाले. दोन दिवस मी त्या विचाराला चिकटून बसले, कारण तो सोयीचा होता. तुझं नाव राहत होतं, आपल्या कामाचं नाव राहत होतं, कुणाचं काही बिघडत नव्हतं.

मग मी त्या बायांकडे गेले. वाटलं, त्यांनाच विचारावं, म्हणजे निदान किती ते तरी समजेल. वेचणी चालू होती. बांधावर उभी राहून एकेकीला विचारलं. एकीने सांगितलं, आठवत नाही. दुसरी म्हणाली, बाईचा हात लई चांगला होता, एवढंच. तिसरीने कमरेचं फडकं सोडलं, कापूस ढिगावर टाकला आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"शालूबाईचं नाव खराब होईन असं मी काई सांगणार नाई," ती म्हणाली. "तुमी मले किती बी इचारा."

सांगण्यासारखं काहीतरी आहे, एवढं तिने सांगितलंच की. पण ते वहीत लिहिता येत नाही. मी परत फिरले. माझ्या मागे त्या बाया आपसात हळू आवाजात बोलत होत्या, आणि पहिल्यांदाच मला वाटलं की या गावात मी कुणाच्या तरी विरुद्ध आले आहे.

सिंदी मेघेला तुझ्या घरी जायला मला त्याहून जास्त हिंमत लागली. रविवारी विहारात तुझ्यासाठी सभा ठेवली होती. राजूभाऊ माझ्याकडून अहवालाची प्रत मागत होते, त्यातला एखादा परिच्छेद वाचून दाखवायचा म्हणून. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवणारा माणूस, त्यांनी पेन आणि कोरा कागद आधीच काढून ठेवला होता. तुझ्या सासूबाई खाटेवर बसल्या होत्या, एका बाजूला कलून, कंबर दुखत होती म्हणून.

मी उभ्या उभ्याच सांगितलं. बसले असते तर सांगू शकले नसते.

राजूभाऊ ऐकत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे तिनं बेइमानी केली?"

मला दुसरा शब्द शोधायचा होता. सापडला नाही. मी म्हणाले, "अभ्यासाशी केली. हो."

त्यांनी पेनचं टोपण लावलं. मला वाटलं आता ते मला जायला सांगतील. त्यांना तसा हक्क होता. पण आधी सासूबाईच बोलल्या, आणि त्या चिडल्या होत्या. "माह्या कंबरेले तिनं कधी हात लावला नाई. वरीसभर म्हणून राह्यली मी. घरच्या माणसाले तपासत नसतात म्हणे, कायदा हाय. मले दुसऱ्या दवाखान्यात पाठवलं. अन् तिकडं मोडत होती कायदा?" त्या थांबल्या. पदराने नाक पुसलं. "कोण होय ती बाई? जास्त दुखत होतं का वं तिले?"

मी म्हणाले, तिला खाली बसलं की उठता येत नव्हतं. सासूबाईंनी मान हलवली. त्यांचा राग गेला नाही.

राजूभाऊंनी विचारलं, "तुमी तिले तोंडावर इचारलं तवा ती नाई म्हणाली?"

"नाही. हाव म्हणाली."

"लगेच?"

"लगेच."

ते तुझ्या फोटोकडे न बघता, माझ्याकडेच बघत राहिले. त्यांचे डोळे भरले होते आणि आवाज मास्तरासारखा कडक होता. "मंग तुमी काऊन लपवता, नंदाताई? तिनं लपवलं नाई. लिहा तुमी. नाव टाकून लिहा. रविवारी मी तेच वाचतो."

मी म्हणाले, लोक काय म्हणतील? ते म्हणाले, लोकाईले काय म्हणायचं ते म्हणू द्या, तिचा नवरा मी हाय. आणि मग ते आत गेले, आणि आतून बराच वेळ पाण्याचा नळ वाहत राहिला.

दुसऱ्या दिवशी, रात्री नाही, सकाळीच, चांगल्या उजेडात बसून मी लिहिलं. "उपचार करणाऱ्या शालिनी यांनी स्थिर हात गटातील किमान एका रुग्णावर, नियम मोडून, प्रत्यक्ष उपचार केले. अशा रुग्णांची नेमकी संख्या समजू शकलेली नाही. त्यामुळे दोन गटांची तुलना ग्राह्य धरता येत नाही." सरांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, मग या अभ्यासातून काहीच निघत नाही. मी म्हणाले, नाही. ते म्हणाले, सगळी मेहनत पाण्यात. मी म्हणाले, हो. त्यांनी उसासा सोडला आणि माझ्या नावाखाली त्यांचंही नाव राहू द्यायला सांगितलं. तुझंही आहे, पहिलं.

अभ्यासच बाद झाला म्हटल्यावर पाकिटांचं बंधन सुटलं. आता कुणी थांबायचं कारण नाही. मी सगळ्या बायांना निरोप धाडला आहे. सोमवारपासून कारंज्याला मी एकटी बसणार. बांधावरची ती तिसरी बाई येईल की नाही माहीत नाही. यावी असं मला फार वाटतं.

आज, रविवारी, राजूभाऊंनी विहारात ते वाचलं. सभेत चुळबुळ झाली. मागे कुणीतरी म्हणालं, हे काऊन सांगून राह्यले? राजूभाऊ थांबले नाहीत, शेवटच्या शब्दापर्यंत वाचलं आणि कागद घडी करून खिशात ठेवला. मी पहिल्या रांगेत बसले होते आणि माझ्यावर शंभर डोळे आहेत असं मला वाटत होतं. तरी मी मान खाली घातली नाही. तूही घातली नसतीस.

त्या वाक्यांच्या नंतर मला आणखी एक वाक्य लिहायचं होतं. अहवालात त्याला जागा नसते, सरांनी ते खोडलंच असतं, आणि बरोबर केलं असतं. म्हणून हे सगळं लिहायला बसले. तू चुकलीस, शालू. हे मी आज म्हणते, उद्याही म्हणेन, आणि कुणी शिकायला आलं तर त्यालाही सांगेन की शालिनीने केलं तसं करायचं नाही. आणि त्या टेबलावर विमलबाईच्या जागी मी असते, तर माझ्यासाठीही तो नियम मोड, म्हणून मी तुझ्या हातापाया पडले असते.